कोंबड्यांचे पैसे

आम्ही घर सोडलं त्या सकाळी टोकावड्याच्या स्टँडवर आमच्यापाशी तीनच डाग होते. एक पत्र्याची पेटी, एक तांदळाची गोणी आणि एक कापडी पिशवी. पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर आलेलं. कोंबडी म्हणजे तलंगच, अजून अंड्यावर न आलेली. सासूबाईंनी तिचे पाय सुतळीने बांधले होते. पिशवी माझ्या हातात देताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही तुझी गो. हिचं कुनाला सांगायचं नाय. कुनी इचारनार पन नाय."

आमच्याकडची माणसं पोटासाठी खाली जातात, मुरबाडला, कल्याणला. शहापूरकडची आसनगाव गाठतात. आम्ही मात्र वर निघालो होतो, माळशेज घाट चढून आळेफाटा आणि तिथून चाकण. काशिनाथना तिथल्या एका कंपनीत हेल्परचं काम मिळालं होतं. काशिनाथ म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी अजूनही तोंडाने घेत नाही, पण लिहायला हरकत नसावी. ते तेवीस वर्षांचे, मी वीसची, लग्नाला सात महिने झालेले. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून झाला होता, त्यामुळे घरातली दोन माणसं कमी झाली तरी कुणाचं अडणार नव्हतं. सासरे स्टँडपर्यंत आले. त्यांनी पेटी वर चढवून दिली आणि मुलाला एवढंच म्हणाले, "ओहोळाकडची चार खाचरं तुझी. ती काय कुठं जात नाय." मग ते बिडी ओढायला टपरीमागे गेले आणि बस सुटली तरी आले नाहीत.

वैशाखरे मागे पडलं, चढ लागला, तशी कोंबडी गप्प झाली. रडू आलं नाही, हे मला तेव्हाही जरा विचित्र वाटलं होतं.

भाताच्या त्या चार खाचरांचं पुढे काय झालं आणि का झालं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. हल्ली गावातून पोरंपोरी जोडीने बाहेर पडतात. कुणी नाशिकला, कुणी पनवेलला, आमच्या मागोमाग घाट चढून चाकणलाही येतात. दोघंही कमावतात. त्यांनी आमची चूक करू नये असं वाटतं. ती चूक वाईट माणसांची नव्हती, हीच तिची अडचण आहे. आम्ही दोघांनी एक चांगली रीत पाळली, इतकी नीट पाळली की ती आमच्या अंगाशी आली.

रीत अशी. आमच्याकडे शेत बाप्यांचं आणि कोंबड्या बायकांच्या. भात किती झालं, कुणाला घातलं, बांधावरून कुणाशी काय बोलणं झालं, यात बायकांनी तोंड घालायचं नाही. उलट कोंबड्यांचं बाप्यांनी विचारायचं नाही. अंडी किती झाली, कोंबडा कितीला गेला, पैसे कुठे ठेवले, सगळं बाईचं. सासूबाईंचं खुराडं गोठ्याला लागून होतं. माळशेजच्या रस्त्यावरच्या ढाब्यांना गावठी कोंबडा लागतो, त्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक चालत घरी यायचं. ढाबेवाला अंगणात येऊन सासूबाईंशी भाव करू लागला की सासरे उठून परसात जायचे. ऐकूही नये म्हणून. ते म्हणायचे, "कोंबड्यांचं इचारू नये. इचारलं की कोंबड्या अंडी घालत नाय."

धसईजवळ माझं माहेर. तिथेही हेच होतं. आई धसईच्या बाजारात काकड्या, पडवळ घेऊन बसायची, ते पैसेही याच खात्यातले. वडिलांनी कधी तिच्या कनवटीकडे पाहिलं नाही. एका वर्षी बियाण्याला पैसे कमी पडले तेव्हा आईने आपणहून काही नोटा उंबऱ्यावर ठेवल्या आणि ती पाण्याला निघून गेली. वडिलांनी त्या उचलल्या. दोघांपैकी कुणी त्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. मला ते फार छान वाटायचं. आजही, खरं सांगायचं तर, वाटतं.

चाकणला आम्ही एका चाळीत खोली घेतली. दहा बाय दहा, बाहेर नळ. घरमालकाने कोंबडी पाहिली आणि सांगितलं की हे इथे चालणार नाही. आठवडाभर तिला मी पेटीमागे लपवलं, पण कोंबडी ती, तिला काय कळणार. शेवटी नाक्यावरच्या दुकानात विकली. पैसे आणून डाळीच्या डब्यात ठेवले. संध्याकाळी काशिनाथ कामावरून आले, रिकामी पिशवी खुंटीला पाहिली. कोंबडी कुठे गेली, कितीला गेली, काहीच विचारलं नाही. मी मनात म्हटलं, आपल्याला माणूस चांगला मिळाला.

पहिलं वर्ष त्यांच्या एकट्याच्या पगारावर काढलं. ते कॉन्ट्रॅक्टवर होते. ओव्हरटाइम मिळाला तर महिना सरायचा, नाही तर शेवटचे चार दिवस पिठलं-भात. तांदूळ तेवढा गावचा. दिवाळीनंतर दोन गोण्या यायच्या, आळेफाट्यापर्यंत एसटीने, तिथून दुसऱ्या गाडीने चाकण आणि स्टँडपासून खोलीपर्यंत काशिनाथच्या खांद्यावर. ओहोळाकडच्या खाचरांचाच तांदूळ तो. आम्ही तो मिळकतीत कधी धरला नाही, पण त्याच्याशिवाय त्या वर्षी आम्ही तिथे टिकलो नसतो.

दुसऱ्या वर्षी मी वायर हार्नेसच्या कंपनीत लागले. गाड्यांच्या आत ज्या वायरींच्या जुड्या असतात त्या बनवायच्या. हात बारीक लागतात म्हणून सगळ्या बायकाच. पगार रोख मिळायचा, पाकिटात. आमच्या चाळीत मराठवाड्याकडच्या, विदर्भाकडच्या बायका होत्या. पगाराच्या दिवशी त्यांचे नवरे गेटवर उभे असायचे आणि पाकीट त्यांच्या हातात जायचं. माझं पाकीट माझ्या पर्समध्ये घरी यायचं आणि डाळीच्या डब्यात जायचं. शेजारची म्हणायची, तुझा नवरा देवमाणूस आहे. मी वरवर नाही म्हणायचे. आतून फुगायचे.

ती दोन वर्षं आम्ही सगळ्यात श्रीमंत होतो. पुढे यापेक्षा कितीतरी जास्त कमावलं, पण दोन पगार आणि गरजा जवळजवळ नाहीत असं पुन्हा कधी जमून आलं नाही. त्यांच्या पगारात घर चालायचं. माझ्यातून मिक्सर आला, कुकर आला, त्यांना एक जाडजूड जर्किन आलं. वस्तू घरात येऊन उभी राहायची आणि ते "बरी आहे" म्हणायचे. सासऱ्यांनी सासूबाईंच्या नव्या पातेल्याला जसं "बरं आहे" म्हटलं असतं, अगदी तसंच.

मग प्राची झाली आणि माझं काम सुटलं. चार वर्षं घरात एकच पगार, आणि खाणारी तोंडं तीन. नोकरदार जोडप्यांची मिळकत वयाबरोबर चढत जाते असं लोक समजतात. आमची आधी चढली, मग धाडकन पडली, आणि पडली ती नेमकी खर्च वाढले तेव्हा. त्या काळात डाळीचा डबा रिकामा झाला. तो रिकामा होताना त्यांनी पाहिलं नाही आणि मीही दाखवलं नाही. शेवटची नोट मी प्राचीच्या गोवराच्या औषधाला काढली, हे त्यांना आज हे वाचूनच कळेल. त्याच सुमारास ते पर्मनंट झाले म्हणून निभावलं.

प्राची शाळेत जाऊ लागली तशी मी परत कामाला लागले. या वेळी कंपनी दुसरी होती, मोठी होती आणि पगार बँकेत जमा व्हायचा. मी बारावी झालेली होते. लाइनवरच्या बऱ्याच जणी नव्हत्या. आधी लाइन लीडर झाले, मग क्वालिटीला घेतलं, मग सुपरवायझर केलं. तीस-पस्तीस बायका माझ्या हाताखाली आल्या. घरी मी यातलं काय सांगितलं? काम वाढलंय, एवढंच. काशिनाथ म्हणायचे, जमत नसलं तर सोड. ते काळजीने म्हणायचे. त्यांच्या डोक्यात मी अजून पाकिटातल्या पगारावरच होते.

एका दिवाळीला बोनसची पावती हातात आली आणि मी सहज हिशेब केला. माझा पगार त्यांच्यापुढे गेला होता. कधी गेला ते कळलंच नव्हतं, बहुतेक वर्षभर आधीच गेला असावा. आधी आनंद झाला. बसमध्ये खिडकीशी बसून मी एकटीच हसले. घरी पोहोचेपर्यंत भीती वाटायला लागली. आमच्याकडे कोंबड्यांनी शेताला मागे टाकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हे सांगायचं कसं, आणि सांगितल्यावर ते ताठ मानेने गावाला कसे जातील, असलं काहीबाही मनात आलं. आणि मग सुचलं की सांगायची गरजच काय? ते विचारत नाहीत. आपल्यात विचारत नाहीतच. मी रीत पाळत होते असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्या दिवसापासून पुढे मात्र मी रीतीच्या आड लपले होते, आणि हे कबूल केल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पैसे उडवले असंही नाही. दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाकत गेले. एक फ्लॅट घ्यायचा, प्राचीची दहावी व्हायच्या आत, हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. मी मनाशी चित्रही रंगवलं होतं. ते एक दिवस म्हणतील की पैसे कमी पडतायत, आणि मी माहेरच्यासारखं उंबऱ्यावर पासबुक ठेवून पाण्याला जाईन. चाकणच्या खोलीत पाण्याला जायला नळ दारातच होता, पण मनातल्या चित्राला कोण अडवणार.

ते कधी म्हणालेच नाहीत. का म्हणाले नाहीत तेही आता मला कळतं. कमी पडलेल्या पैशांचं बायकोला सांगणं म्हणजे तिच्या कोंबड्यांकडे बोट दाखवणं. सासऱ्यांनी ते आयुष्यभर केलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात ते दोन दिवस गावाला जाऊन आले. आईला बरं नाही म्हणाले. मी सासूबाईंसाठी बाम, बिस्किटं आणि एक सुती साडी दिली. परत आले तेव्हा विचारलं, कशा आहेत? बऱ्या आहेत, म्हणाले. पुढच्या महिन्यात एका रविवारी ते पेढे घेऊन आले आणि माझ्यासमोर किल्ल्या ठेवल्या. वन बीएचके, तिसरा मजला, गॅलरीतून डोंगर दिसतो. प्राची नाचायला लागली. मी किल्ल्या देवापुढे ठेवल्या आणि हात जोडले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी फाइल कपाटात ठेवायला दिली म्हणून ती उघडली. कर्जाच्या अर्जात एक रकाना होता, पत्नीचे उत्पन्न. तिथे त्यांनी पेनाने एक आडवी रेघ ओढली होती. सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी. त्यामुळे कर्ज बसलं होतं ते फक्त त्यांच्या पगारावर, म्हणजे अगदीच कमी. बाकीचे कुठून आले ते मागच्या कागदांवर होतं. मुरबाडला केलेलं खरेदीखत. ओहोळाकडची चार खाचरं.

सासरे तेव्हा हयात नव्हते. दिराची सही होती, सासूबाईंची होती. माझी कुठे लागतच नव्हती.

मी उठून कपाटातून माझं पासबुक काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. आमच्या चौदा वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उघडं पडलं होतं. त्यांनी शेवटचा आकडा पाहिला. खाचरांच्या किमतीपेक्षा तो थोडा कमी होता, पण दोघांचे पगार मिळून कर्ज काढलं असतं तर एक वीतभर जमीन विकायची गरज नव्हती. हे समजायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी पासबुक मिटलं आणि दोन्ही हातांनी परत माझ्याकडे दिलं.

"हे तुझं हाय," ते म्हणाले. "तू सांगितलं नाय."

"तुमी इचारलं नाय," मी म्हणाले. "आनि खाचरांचं मला तरी कुठं सांगितलंत?"

"बांधाची गोष्ट ती."

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला होता, आणि तो त्यांच्यापेक्षा माझ्यावर जास्त आला होता, आणि तो काढायला जागा नव्हती. त्यांनी त्या दिवशी पेढा खाल्ला नाही. प्राचीला वाटलं बाबांचं पोट बिघडलंय.

आम्ही नव्या घरात राहायला गेलो. घर चांगलं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. परत घेता येतील का म्हणून काशिनाथनी खाचरांची चौकशी केली, पण घेणारा मुंबईकडचा होता आणि त्याला पावसाळी पाहुण्यांसाठी तिथे काहीतरी बांधायचं होतं. दिवाळीनंतर तांदूळ आला नाही. दिराने त्याच्या वाट्यातली अर्धी गोणी पाठवली होती, ती मी परत पाठवली नाही, पण शिजवताना दर वेळी लक्षात यायचं की हा दुसऱ्याचा आहे. मग दुकानातून आणायला लागले. प्राचीला फरक कळला नाही. आम्हाला दोघांना कळत होता आणि जेवताना आम्ही तो बोलून दाखवत नव्हतो.

पुढच्या मे महिन्यात मी एकटी गावाला गेले. टोकावड्याला उतरून चालत घरी जाताना ओहोळाकडे वळलेच. खाचरांना जाळीचं कुंपण पडलं होतं. आत हिरवळ लावली होती, एक झोपाळा होता, आणि जिथे आम्ही भाताच्या रोपांसाठी राब भाजायचो तिथे गाड्या लावायला फरश्या बसवल्या होत्या. गेटवरच्या माणसाने मला हिंदीत विचारलं, किससे मिलना है. मी म्हटलं, किसीसे नहीं, आणि निघाले. त्या वाटेवर मी रडले. घाट चढताना जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

सासूबाई खुराड्यापाशी कणी टाकत होत्या. पाठ वाकली होती, पण कोंबड्या तेवढ्याच होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, माझा पगार, पासबुक, ती आडवी रेघ. त्या ऐकत राहिल्या. मग हातातलं सूप खाली ठेवलं.

"मला वाटलं तुमचं अडलंय गो," त्या म्हणाल्या. "पोरगा सही मागतो म्हंजे अडलंच असंल. बांधाचं आमी कशाला इचारायचं? केली सही." सूप परत उचलत म्हणाल्या, "माझ्या डब्यात पन व्हतं थोडं. कुनी मागितलं नाय."

त्या किती होते ते बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. नंतर चहा पिताना मला वाटलं, निदान आता तरी विचारायला हवं होतं. पण जिभेला सवय नव्हती. निघताना त्यांनी नेहमीसारखी अंडी बांधून दिली. घाटात दोन फुटली.

यावर आम्ही लगेच सुधारलो असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं झालं नाही. एवढं सगळं होऊनही काशिनाथनी माझा पगार विचारला नाही, उलट आता ते जास्तच जपायला लागले. माझ्या बँकेचं पत्र आलं की उलटं करून टेबलावर ठेवायचे. मी मात्र बदल केला. घराच्या हप्त्याचे निम्मे पैसे माझ्या खात्यातून जातील असं करून टाकलं आणि त्यांना नुसतं सांगितलं. ते हो म्हणाले. प्राची मोठी होत होती, ती आम्हाला चिडवायची. तिच्या मैत्रिणींचे आईबाप पैशावरून भांडतात, तुम्ही दोघं रूममेटसारखे राहता, म्हणायची. रूममेट तरी मोबाइलवर हिशेब वाटून घेतात.

मग काशिनाथच्या कंपनीने त्यांची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली. जुन्या माणसांना पैसे देऊन मोकळं केलं. त्रेचाळीस वय झालं होतं, तब्येत ठणठणीत, आणि सकाळी डबा घेऊन जायला ठिकाण नाही. सहा महिने ते घरी होते. त्या सहा महिन्यांत घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं, आणि गंमत अशी की आम्हाला काही कमी पडलं नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या एकट्याच्या पगारात आम्ही महिनाअखेरीला पिठलं-भात खायचो. आता माझ्या एकटीच्या पगारात हप्ता, प्राचीचं कॉलेज, सासूबाईंची औषधं, सगळं बसत होतं. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. त्यांना गॅलरीत डोंगराकडे तोंड करून बसलेलं पाहिलं की वाटायचा नाही.

त्या दिवसांत एकदा भाजी आणायला म्हणून मी त्यांच्या हातात पैसे दिले आणि माझ्याच मनाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी पैसे फ्रीजवर ठेवायला लागले. ते लागतील तसे उचलायचे. आमचा उंबरा म्हणजे आता फ्रीज होता.

गेल्या जूनपासून ते एका शाळेची व्हॅन चालवतात. सकाळी मुलं नेतात, दुपारी आणतात, मधल्या वेळात व्हॅन धुतात. मुलांना त्यांचा लळा लागलाय. पगार कंपनीतल्या पगाराच्या निम्माही नाही आणि तो पाकिटात रोख मिळतो.

पहिला पगार झाला तो शनिवार होता, मला सुट्टी होती. दुपारचे अडीच-तीन झाले असतील. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. ते आले, पाय धुतले, आणि खिशातून पाकीट काढून फ्रीजवर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता हसले.

"हे आपले कोंबड्यांचे," म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. रुसवाही नव्हता. एकवीस वर्षांनी माणूस एवढा तरी ओळखू येतो. त्यांनी चेष्टा केली होती, आणि चेष्टेच्या आड जे होतं ते मला ऐकू येत होतं. रीतीप्रमाणे आता मी गप्प बसायला हवं होतं. कोंबड्यांचं विचारायचं नसतं. मी गप्प बसले असते तर तेही समजले असते, आणि त्यांचा मान राहिला असता, आणि ते पाकीट पुढची वीस वर्षं फ्रीजवर तसंच येत-जात राहिलं असतं.

मला सासऱ्यांची आठवण झाली, परसात जाऊन उभे राहणारे. आईची झाली. फरश्या बसवलेल्या राबाची झाली.

"किती हायेत?" मी विचारलं.

त्यांनी चमकून पाहिलं. वाटलं, आता उठून गॅलरीत जातील. पण ते परत फ्रीजपाशी आले, पाकीट उघडलं, ओट्यावर नोटा एकेक करून मांडल्या आणि आकडा सांगितला. डिझेलसाठी त्यातले दोनशे आधीच वापरले होते, तेही सांगितलं. मी बरं म्हटलं आणि कोथिंबीर निवडायला लागले.

घर कुठे आहे असं कुणी विचारलं की मी आजही टोकावडं सांगते. तिथली माणसं माझी आहेत, बोली माझी आहे, आणि मेल्यावर फोटो तिथल्याच भिंतीवर लागेल. पण तिथे आम्ही एकमेकांचा मान राखून एकमेकांपासून लांब राहायला शिकलो. जवळ कसं यायचं ते या तिसऱ्या मजल्यावर शिकतोय, बरंच उशिरा, आणि चार खाचरं देऊन. त्यामुळे आता दोन्हींपैकी घर कुठलं म्हणायचं ते मला ठरवता येत नाही. त्या शनिवारी मात्र थोडा वेळ ते नक्की कुठे आहे हे मला माहीत होतं.

कारण नोटा परत पाकिटात भरून झाल्यावर ते तिथेच उभे राहिले. दोनदा खाकरले. मग ओट्याच्या कडेवर बोट फिरवत त्यांनी विचारलं,

"आनि तुझे?"